रोकेन: पाद्र्याच्या मुलाचं गाव

जर्मनीत लाइपझिगच्या नैर्ऋत्येला, ल्युत्सेनजवळ रोकेन नावाचं छोटं खेडं आहे. १५ ऑक्टोबर १८४४ रोजी फ्रिडरिश नीत्शे इथल्या पाद्र्याच्या घरात जन्मला. त्याच तारखेला प्रशियाच्या राजाचाही वाढदिवस, म्हणून वडिलांनी मुलाला राजाचंच नाव दिलं आणि त्याचा बाप्तिस्माही स्वतः केला. पुढे याच मुलाने ख्रिस्ती धर्मावर कडाडून हल्ला चढवला. मग प्रश्न असा, की अशा माणसाचं स्मरण त्याच्या गावाने करायचं कसं?

तसं पाहिलं तर तो गावात राहिला किती? १८४९ मध्ये वडील गेले, पुढच्या वर्षी धाकटा भाऊ गेला आणि आई मुलांना घेऊन नाउमबुर्गला आली. नीत्शे तेव्हा जेमतेम पाच वर्षांचा. पण ऑगस्ट १९०० मध्ये वायमारला त्याचं निधन झालं, तेव्हा त्याला आणलं ते इथेच. चर्चच्या भिंतीलगत, आईवडिलांशेजारी.

आता बघा, पुढे काय झालं. बहीण एलिझाबेथने भावाचे कागद ताब्यात ठेवले, त्यांत फेरफार केले आणि नाझींशी सूत जमवलं. १९३५ मध्ये तिच्या अंत्यविधीला हिटलर हजर होता. तिचंही थडगं रोकेनलाच आहे. युद्धानंतर हे गाव पूर्व जर्मनीत गेलं. तिथल्या सरकारच्या लेखी नीत्शे म्हणजे फॅसिझमचा पूर्वसूरी. त्याचा गौरव होणं शक्यच नव्हतं. थडगं मात्र जागचं हललं नाही.

२००० साली, स्मृतिशताब्दीला, चर्चच्या आवारात शिल्पकार क्लाउस मेसरश्मिट यांचं शिल्प बसवलं. त्यात नीत्शे तीनदा दिसतो: एकदा आईसोबत, दोनदा निर्वस्त्र. आपण आपल्याच अंत्यविधीला हजर होतो, असं नीत्शेने १८८९ मध्ये, मन ढासळत असताना, एका पत्रात लिहिलं होतं. शिल्पाची कल्पना तिथली.

त्यानंतरच्या दशकात या भागात कोळशाच्या उघड्या खाणीचा बेत पुढे आला. खाण झाली असती, तर घर, चर्च, थडगं सगळंच गेलं असतं. तसं झालं नाही.

आपल्याला इथे काय दिसतं? नीत्शेच्या विचारांवर प्रत्येक राजवटीने आपापला शिक्का मारला. गावाकडे होती ती साधी गोष्ट: इथे जन्मला, इथे पुरला. स्मरण करायला त्याच्याशी सहमत असावं लागतं असं थोडंच आहे? ज्या धर्माशी तो आयुष्यभर भांडला, त्याच्याच अंगणात त्याची जागा आजही राखलेली आहे.