वनस्पती जैवतंत्रज्ञान आणि समाज

वनस्पतींच्या पेशी, ऊती व जनुके यांत हेतुपूर्वक फेरफार करून हवे ते गुण आणण्याचे तंत्र. महाराष्ट्राला त्याची खरी ओळख झाली ती बोंडअळीरोधक बीटी कापसामुळे. जालन्याच्या महिको कंपनीच्या बीटी वाणांना मार्च २००२ मध्ये मंजुरी मिळाली. बोंडअळीवरची फवारणी सुरुवातीला घटली, पण पुढे गुलाबी बोंडअळीने प्रतिकारशक्ती कमावली. दरवर्षी बियाणे विकत घेण्याचा खर्च मात्र कायम राहिला.

रायगडातील महाड व पोलादपूर तालुक्यांत कापूस नाही. सावित्रीच्या खोऱ्यात भात, डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी-वरी. रोपवाटिकेसाठी राब भाजायचा, पाऊस लागला की पेरायचे आणि पुढच्या सालासाठी निवडक बी कणगीत राखायचे, ही इथली रीत. संकरित भाताने तिला आधीच धक्का दिला आहे, कारण संकरित पिकाचे राखलेले बी पुढच्या वर्षी एकसारखे उगवत नाही.

मे २०२५ मध्ये केंद्राने ‘कमला’ (डीआरआर धान १००) व ‘पुसा डीएसटी राइस १’ हे जनुकसंपादित भातवाण जाहीर केले. त्यांत परके जनुक नाही. संकरित नसल्याने त्यांचे बी राखताही येईल. म्हणून डोंगरी शेतकऱ्याच्या दृष्टीने कळीचा प्रश्न बियाण्याच्या मालकीचा आहे. २००१ च्या वनस्पती वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याने शेतकऱ्याला बी राखण्याचा, पेरण्याचा, देवाणघेवाणीचा आणि ब्रँडविना विकण्याचाही हक्क दिला आहे.