सात महिने आणि पाच वर्षे : हेवी मेटलच्या दुसऱ्या अल्बमचा इतिहास

हेवी मेटल या संगीतप्रकाराच्या इतिहासात बँडच्या पहिल्या अल्बमला जे स्थान दिले जाते ते अनेकदा प्रमाणाबाहेर असते. कारण पहिल्या अल्बममध्ये बँड उभा राहण्याच्या काळापासून साठत आलेली गाणी एकत्र येतात आणि त्यासाठी लागणारा पैसा, वेळ व उमेद एकदाच कशीबशी जमवलेली असते. दुसऱ्या स्टुडिओ अल्बमसाठी, म्हणजे मैफलीचे ध्वनिमुद्रण किंवा जुन्या गाण्यांचे संकलन नसून स्टुडिओत नव्याने मुद्रित केलेल्या दुसऱ्या गीतसंचासाठी, ही सगळी जुळवाजुळव पुन्हा करावी लागते, आणि तोवर पहिल्या वेळचे सोबती, पहिल्या वेळचे श्रोते व पहिल्या वेळची वाजवण्याची ठिकाणे शिल्लक असतीलच असे नाही. म्हणूनच या दोन अल्बममधले अंतर हे त्या बँडच्या प्रतिभेपेक्षा त्याच्या शहरातील संगीतव्यवहाराविषयी अधिक सांगते, आणि मुंबई-पुण्याच्या मेटलचा इतिहास या अंतराच्या आधाराने वाचला तर तो बराच स्पष्ट दिसू लागतो.

तुलनेसाठी बर्मिंगहॅमपासून सुरुवात करणे सोयीचे ठरते. ब्लॅक सॅबाथ या बँडचा पहिला अल्बम १३ फेब्रुवारी १९७० रोजी आणि ‘पॅरानॉइड’ हा दुसरा १८ सप्टेंबर १९७० रोजी इंग्लंडमध्ये प्रकाशित झाला, म्हणजे दोहोंमध्ये जेमतेम सात महिने गेले. पहिल्याचे मुद्रण जवळपास एका दिवसात उरकले होते. दुसऱ्यासाठी लंडनच्या स्टुडिओत थोडा अधिक वेळ मिळाला, तरी ज्या गाण्यावरून अल्बमला नाव मिळाले ते शेवटी उरलेली काही मिनिटांची जागा भरण्यासाठी घाईने रचलेले होते, आणि ‘वॉर पिग्ज’ हे आधी ठरलेले नाव कंपनीने बाजूला ठेवले. या घाईमागे एक पूर्ण यंत्रणा उभी होती : निर्माता रॉजर बेन, व्हर्टिगो ही कंपनी, रात्रीमागून रात्री कार्यक्रम देणारे क्लब, आणि पहिला अल्बम खपताच दुसऱ्याची मागणी करणारी बाजारपेठ. गिटारवादक टोनी आयोमी याच्या उजव्या हाताच्या दोन बोटांची टोके पत्र्याच्या कारखान्यातील यंत्रात तुटली होती; त्याने प्लॅस्टिक वितळवून टोपणे केली, हलक्या तारा लावल्या, आणि त्या अडचणीतून घडलेले त्याचे वादन या संगीताच्या जड स्वराचा एक उगम मानले जाते. कारखान्यातील कामगारांची मुले आणि हे संगीत यांचे नाते तिथे इतके सरळ होते.

मुंबईत हे नाते तसे जुळले नाही, आणि ही बाब बहुतेक लेखनात दुर्लक्षित राहते. मुंबईलाही कारखाना होता, किंबहुना गिरणगावाच्या रूपाने अख्खा परिसरच होता. पण तिथल्या कामगाराचे स्वतःचे संगीत आधीच समृद्ध होते. अमर शेख आणि अण्णा भाऊ साठे यांची शाहिरी, चाळीचाळीतली भजनी मंडळे, कोकणातून आलेले शक्तितुरे आणि नमन यांनी त्याची सांज भरलेली होती, आणि १९८२च्या संपानंतर गिरणी कामगाराच्या मुलाला विजेच्या गिटारसाठी पैसे कुठून मिळणार, हा प्रश्न विचारण्याचेही कारण नव्हते. शहरातले रॉक संगीत वाढले ते इंग्रजी माध्यमाच्या महाविद्यालयांत, वांद्र्याच्या ख्रिस्ती वस्तीत आणि दक्षिण मुंबईतल्या सुस्थित घरांत. म्हणजे ज्यांच्याकडे परदेशातून येणाऱ्या नातेवाइकाकडून तबकडी किंवा वाद्य मागवण्याची सोय होती अशा मुलांमध्ये.

१९८४ मध्ये मुंबईत स्थापन झालेला ‘रॉक मशीन’ हा बँड शुद्ध अर्थाने हेवी मेटलचा नव्हता. त्याचे संगीत हार्ड रॉक या, मेटलच्या अगदी लगतच्या प्रकारात मोडते. तरीही दुसऱ्या अल्बमच्या इतिहासाला तिथूनच सुरुवात करावी लागते. गिटारवादक महेश तिनईकर हा या बँडच्या पायाभरणीतला कलावंत, आणि पुढे गायक म्हणून आलेल्या उदय बेनेगल याने त्याला सर्वाधिक ओळख मिळवून दिली. धोबी तलावाजवळच्या रंगभवन या खुल्या नाट्यगृहात होणाऱ्या कार्यक्रमांतून, आणि १९८६ पासून तिथेच स्वातंत्र्यदिनाच्या सुमारास भरू लागलेल्या ‘इंडिपेन्डन्स रॉक’ या महोत्सवातून, मुंबईत रॉकचा एक श्रोतृवर्ग तयार झाला. मात्र या श्रोत्याला परदेशी बँडची गाजलेली गाणी हुबेहूब ऐकायची असत, आणि स्वतःची गाणी वाजवणाऱ्याला त्याची मर्जी सांभाळत ती मध्ये घुसवावी लागत. अशा परिस्थितीत १९८८ मध्ये ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ आणि १९९० मध्ये ‘द सेकंड कमिंग’ असे स्वतःच्या गाण्यांचे दोन अल्बम दोन वर्षांच्या अंतराने काढणे ही लहान कामगिरी नव्हती. उदारीकरणापूर्वीच्या त्या काळात आयात गिटार आणि अॅम्प्लिफायर यांवरचे शुल्क सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर होते, कोलकात्यात तयार होणाऱ्या गिवसनसारख्या देशी गिटारांवर बहुतेकांना भागवावे लागे, आणि मुंबईतले चांगले स्टुडिओ चित्रपटगीते व जाहिरातींच्या धून यांसाठी बांधलेले व त्यांनीच व्यापलेले असत. व्हायोलिनांच्या ताफ्याचा आवाज टिपण्यात निष्णात असलेल्या ध्वनिमुद्रकाला गिटारचा फाटलेला स्वर हा दोष वाटणे स्वाभाविक होते. १९९३ मध्ये या बँडने ‘इंडस क्रीड’ हे नाव घेतले आणि त्याचे संगीत वेगळ्या वळणाला गेले.

त्या फाटलेल्या स्वराचे थोडे स्पष्टीकरण येथे आवश्यक आहे. विजेच्या गिटारचा संदेश क्षमतेबाहेर वाढवला की त्याची लहर कापली जाते आणि स्वरात खरखरीत दाटपणा येतो; यालाच डिस्टॉर्शन म्हणतात. अशा स्वरात पुन्हापुन्हा वाजवल्या जाणाऱ्या लहान स्वरवाक्याला रिफ म्हणतात आणि मेटलची रचना प्रामुख्याने रिफवर उभी असते. १९९०च्या दशकात दूरचित्रवाणीच्या केबल वाहिन्या, परस्परांत नकलून फिरणाऱ्या कॅसेट आणि १९९३ मध्ये अलाहाबादहून सुरू झालेले ‘रॉक स्ट्रीट जर्नल’ हे मासिक यांमुळे या संगीताचे अधिक टोकाचे प्रकार भारतीय तरुणांपर्यंत पोचले. त्यांत घशाच्या तळातून काढलेला घोगरा गुरगुराट, म्हणजे ग्राउल, गाण्याची जागा घेतो, आणि ड्रमवादक दोन्ही पायांनी खालचा मोठा ढोल अखंड वाजवत ठेवतो. ज्या श्रोत्याला दहा वर्षांपूर्वी बँडचे स्वतःचे गाणे सहन होत नव्हते, त्याच्यापुढे आता हे आले.

याच वळणावर, २००० मध्ये, ‘डेमॉनिक रिझरेक्शन’ हा बँड मुंबईत उभा राहिला. साहिल मखिजा या गायक-गिटारवादकाने तो काढला, त्याच वर्षी ‘डेमनस्टीलर’ हा पहिला अल्बम आला, आणि दुसरा, ‘अ डार्कनेस डिसेंड्स’, येण्यास २००५ साल उजाडले. ही पाच वर्षे कशात गेली, याचे उत्तर त्या काळच्या मुंबईच्या व्यवस्थेत सापडते. पहिले कारण माणसांचे : मेटल वाजवून पोट भरत नसल्याने वादक शिक्षण, नोकरी किंवा परदेश यांपैकी कशासाठी तरी बँड सोडत आणि नव्या वादकाला जुनी गाणी शिकवण्यात महिने जात, या बँडच्या सर्व फेरबदलांत मखिजा हा एकच घटक कायम राहिला. दुसरे कारण जागेचे. केंद्र सरकारच्या २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रुग्णालय, शिक्षणसंस्था आणि न्यायालय यांच्या भोवतीचा १०० मीटरचा परिसर शांतता क्षेत्र ठरवला गेला, आणि एका बाजूला सेंट झेवियर्स महाविद्यालय व जवळच रुग्णालये असलेले रंगभवन त्यानंतर रॉकसाठी बंद झाले. इंडिपेन्डन्स रॉकलाही पुढे अंधेरीच्या चित्रकूट मैदानासारखी उपनगरी ठिकाणे शोधावी लागली. नियम योग्यच होता, आजारी माणसाच्या झोपेपेक्षा रिफ महत्त्वाचा नाही. पण त्याने शहरातल्या रॉकचे एकमेव हक्काचे व्यासपीठ गेले हेही खरे. उरले ते जुहूच्या ‘रॅझबेरी ऱ्हायनोसरस’सारखे क्लब आणि महाविद्यालयांचे महोत्सव, ज्यांत पवईच्या आयआयटीचा ‘मूड इंडिगो’ व त्यातली ‘लाइव्हवायर’ ही बँडस्पर्धा अग्रभागी होती.

तिसरे कारण प्रत्यक्ष मुद्रणाचे, आणि इतिहासाच्या दृष्टीने तेच सर्वांत रोचक आहे. मेटलच्या अल्बममध्ये साथीची गिटार एकाच वादकाकडून किमान दोनदा, अक्षरशः तीच रचना त्याच वेगात, मुद्रित करून घेतात आणि एक प्रत श्रोत्याच्या डाव्या व दुसरी उजव्या बाजूला ठेवतात. दोन वादनांतल्या सूक्ष्म फरकामुळे आवाज भिंतीसारखा रुंद होतो. ड्रमच्या प्रत्येक अंगाला वेगळा मायक्रोफोन लागतो, आणि सर्व वादक कानात वाजणाऱ्या एकसंथ टिकटिकीच्या, म्हणजे क्लिकच्या, आधाराने वाजवतात. डेमॉनिक रिझरेक्शनच्या संगीतात यावर कीबोर्डचा वाद्यवृंदासारखा थर आणि ग्राउलसोबत स्वच्छ गायनही होते, त्यामुळे एका गाण्यात सांभाळायच्या ध्वनिरेषांची संख्या वाढत गेली. तासाच्या भाड्याने घेतलेल्या स्टुडिओत असले काम परवडणारे नव्हते. पण याच वर्षांत घरगुती संगणकावर बहुपदरी मुद्रण शक्य झाले, आणि ज्याचे श्रेय बहुधा कलावंतांच्या जिद्दीला दिले जाते त्याचा मोठा वाटा या स्वस्त झालेल्या यंत्राचा होता. अल्बम कोणत्याही मोठ्या कंपनीने नव्हे, तर मखिजाच्याच ‘डेमनस्टीलर रेकॉर्ड्स’ या संस्थेने प्रकाशित केला. गायक, मुद्रक आणि प्रकाशक एकाच घरातून काम करू लागले, आणि बर्मिंगहॅमच्या बँडला ज्या कामांसाठी तीन संस्था मिळाल्या होत्या ती एका व्यक्तीच्या अंगावर आली.

या इतिहासात मावळाला स्थान मिळते ते रस्त्यामुळे. मुंबईच्या बँडला पुण्यात वाजवायचे तर ड्रम आणि अॅम्प्लिफायर गाडीत भरून खंडाळ्याचा घाट चढावा लागे आणि जुन्या महामार्गावरच्या कोंडीत अर्धा दिवस जाई. २००२ मध्ये ९४.५ किलोमीटरचा द्रुतगती मार्ग पूर्ण खुला झाला आणि संध्याकाळचा कार्यक्रम करून रात्रीच परतणे शक्य झाले. हा मार्ग ज्या मावळातून जातो, तिथल्या इंद्रायणीच्या खोऱ्यातील वराळ्यासारख्या तळेगाव दाभाडेलगतच्या गावांत त्याच सुमाराच्या पुढेमागे दोन गोष्टी आल्या : तळेगावची औद्योगिक वसाहत, जिथे २००८ मध्ये जनरल मोटर्सचा मोटारींचा कारखाना सुरू झाला, आणि अभियांत्रिकी महाविद्यालये, ज्यांची राज्यातली वाढ १९८३च्या विनाअनुदान धोरणापासून सुरू झालेली होती. बर्मिंगहॅमचा दाखला मनात ठेवून पाहणाऱ्याला येथे पत्र्याच्या यंत्राशेजारी मेटल उगवेल अशी अपेक्षा वाटेल. प्रत्यक्षात महाराष्ट्रात या संगीताला श्रोता पुरवला तो कारखान्याने नव्हे, तर वसतिगृहाने. घरापासून दूर राहणारा, संगणक आणि इंटरनेट हाताशी असलेला, वर्षातून एकदा महाविद्यालयीन महोत्सवात मोठा आवाज ऐकण्याची मुभा असलेला विद्यार्थी हाच या संगीताचा मुख्य ग्राहक ठरला, आणि २०१० मध्ये पुण्यात ‘एनएच७ वीकेंडर’ हा महोत्सव सुरू झाला तेव्हा त्याच्या मैदानात याच पिढीची गर्दी होती.

नंतरच्या बँडच्या बाबतीतही अंतर फारसे कमी झाले नाही. २००३ मध्ये मुंबईत सुरू झालेल्या आणि हिंदी भयपटाला शोभेल असे नाव घेतलेल्या ‘भयानक मौत’चा त्याच नावाचा पूर्ण लांबीचा अल्बम २००९ मध्ये आणि ‘मॅन’ हा त्यानंतरचा २०१४ मध्ये आला. अधिक क्रूर शैलीच्या ‘गटस्लिट’चा पहिला अल्बम २०१३ चा, दुसरा, ‘अॅम्प्यूथिएटर’, २०१७ चा. या अवधीत मुद्रण आणखी स्वस्त झाले होते आणि गाणी इंटरनेटवरून जगभर पोचत होती. तरीही चार-पाच वर्षांचा हिशेब टिकून राहिला, यावरून अडसर यंत्राचा कमी आणि पगारी नोकरीतून उरणाऱ्या वेळाचा अधिक होता असे मानण्यास जागा आहे.

डेमॉनिक रिझरेक्शनचा दुसरा अल्बम ज्या त्रयीचा आरंभ होता, तिचा पुढचा भाग २००७ मध्ये लघुमुद्रणाच्या रूपात आणि तिसरा, ‘द रिटर्न टू डार्कनेस’, २०१० मध्ये प्रकाशित झाला. त्याच वर्षी लंडनच्या ‘मेटल हॅमर’ मासिकाचा जागतिक मेटलसाठीचा पुरस्कार या बँडला मिळाला. त्यानंतर २०१४ आणि २०१७ असे अल्बम आले, म्हणजे अंतर पाचवरून चार आणि चारवरून तीन वर्षांवर उतरले. यांतला शेवटचा, ‘दशावतार’, विष्णूच्या दहा अवतारांवर रचलेला असला तरी सिंधुदुर्गातल्या दशावतारी खेळाशी त्याचा नावापलीकडे संबंध नाही. मखिजाने ‘डेमनस्टीलर’ या नावाने स्वतंत्रपणे काढलेल्या अल्बमांपैकी पहिला २००८ चा आणि दुसरा, ‘धिस बर्डन इज माइन’, २०१६ चा. येथे अंतर आठ वर्षांचे झाले, आणि ड्रमसाठी मुंबईतला वादक शोधत बसण्याऐवजी ‘नाइल’ या अमेरिकी बँडमध्ये वाजवणारा ग्रीक ड्रमवादक जॉर्ज कोलियास याला या कामासाठी घेतले गेले.