पन्हाळा : हिवाळ्यातील गिरिस्थान

कोल्हापूर शहराच्या वायव्येस सुमारे २० किमी. अंतरावरील गिरिदुर्ग, नगरपरिषदेचे गाव व थंड हवेचे ठिकाण. आसपासच्या सपाटीहून सुमारे ४०० मी. उंच, डोंगर बेसाल्टचा, माथ्यावर जांभा. तटबंदीचा घेर सात किलोमीटरांहून अधिक. त्याच्या आत घरे, शाळा, कचेऱ्या, खाणावळी, बागा व जेमतेम तीन हजारांच्या आसपास वस्ती. मुख्य किल्ला शिलाहार राजा दुसरा भोज याच्या काळात, बाराव्या शतकाच्या अखेरीस उभा राहिला. पुढे आदिलशाहीत त्याचे मोठे बांधकाम झाले.

येथे बर्फ पडत नाही. बर्फावरून घसरण्याच्या खेळासाठी मराठी माणसाला औली किंवा गुलमर्ग गाठावे लागते. सह्याद्रीतील हिवाळी मुक्काम म्हणजे पहाटेची कानटोपी, दुपारचे कोवळे ऊन आणि रात्री निरभ्र आभाळ. कोल्हापुरात जानेवारीतील किमान तापमान सरासरी पंधरा अंशांच्या आसपास असते. गडावर वारा असल्याने थंडी जरा जास्त बोचते, पण स्वेटर व शाल यांपुढे तिची मजल जात नाही.

पावसाळी व हिवाळी धुक्यातला फरक येथे स्पष्ट दिसतो. जुलैत ढगच गडावर येऊन बसतात आणि दहा पावलांवरचा बुरूज दिसेनासा होतो. हिवाळ्यात उलटे घडते. निरभ्र रात्री जमीन लवकर निवते, थंड व जड हवा उतारांवरून खोऱ्यात उतरते आणि नदीकाठच्या ओलसर उसाच्या शेतांवर धुके धरते. त्यामुळे सकाळी गडावर ऊन व खाली पंचगंगेचे खोरे पांढरे, असे दृश्य अनेकदा मिळते. ते पाहण्यास गडावरील सज्जाकोठी ही इमारत उत्तम. मात्र सूर्य वर चढण्याआधी जावे. हे दिवस ऊस गाळपाचेही असल्याने वाटेवर गाड्या-ट्रॅक्टरांची रांग असते आणि चालू गुऱ्हाळाचा वास शेतांतून येतो.

पन्हाळ्याची लोकस्मृती मात्र पावसाशी बांधलेली आहे. आदिलशाही सरदार सिद्दी जौहरचा वेढा, १६६० च्या जुलैतील ती रात्र, विशाळगडाकडे निघालेले शिवाजी महाराज आणि घोडखिंड लढवणारे बाजीप्रभू देशपांडे, हे सारे चिखलापावसातले. या वाटेची पदभ्रमंतीही मुद्दाम पावसाळ्यात काढली जाते. पण गड स्वराज्यात आला तो २८ नोव्हेंबर १६५९ रोजी, अफजलखानाच्या वधानंतर अवघ्या अठरा दिवसांनी. मोगल सरदार दिलेरखानाच्या छावणीतून परतलेल्या संभाजीराजांची आणि महाराजांची भेट येथे झाली तीही जानेवारी १६८० मध्ये. एप्रिलमध्ये महाराज गेले. पन्हाळ्याचा इतिहास समजून घ्यायचा तर हे दोन हिवाळे त्या एका पावसाळी रात्रीइतकेच महत्त्वाचे आहेत, आणि ते फारसे कोणी सांगत नाही.

बांधकाम पाहण्यासही हाच ऋतू योग्य. नोव्हेंबरनंतर गवत वाळते, शेवाळ सुकते आणि तटाचे घडीव चिरे मोकळे दिसू लागतात. तीन दरवाजावरील कोरीवकाम तिरप्या उन्हात उठून दिसते. अंधारबाव ही तीन मजली विहीर नावाप्रमाणे काळोखी. पाण्याबरोबर पहारेकऱ्यांचीही सोय तिच्यात होती आणि तटाबाहेर निघणारी वाटही. अंबरखान्यातील गंगा, यमुना व सरस्वती या कोठारांपैकी एकट्या गंगा कोठीची क्षमता २५,००० खंडी सांगितली जाते. घाईच्या सहलीत या कोठारांच्या भिंतींची जाडी पाहायची राहून जाते. सोमेश्वर तलाव, पुसाटी बुरूज, पराशर गुहा व तबक उद्यान ही अन्य ठिकाणे. जवळचे मसाई पठार पावसाळ्याअखेरीस फुलते. डिसेंबरात तेथे पिवळे गवत आणि वारा, दुसरे काही नाही.

महाबळेश्वर व माथेरान ही साहेबाने उन्हाळ्यासाठी वसवलेली ठिकाणे. पन्हाळा त्याआधीच नांदते राजकीय ठाणे होते. ताराबाईंच्या काळात येथे कोल्हापूर राज्याची राजधानी होती व १७८२ मध्ये ती कोल्हापुरास हलली. १८४४ च्या गडकऱ्यांच्या बंडानंतर इंग्रजांनी तटबंदीची मोडतोड केली. कवी मोरोपंत यांचा जन्म येथे १७२९ मध्ये झाला. पुढे कोल्हापूर चित्रपटसृष्टीचे केंद्र झाल्यावर त्या क्षेत्रातील मंडळींनीही येथे बंगले बांधले.

निवांतपणा वार पाहून मिळतो. रविवार जोतिबाचा, वाडी रत्नागिरीचा डोंगर शेजारीच असल्याने भाविकांची गर्दी पन्हाळ्यापर्यंत पोचते. डिसेंबरात शाळांच्या सहलींच्या लाल बसगाड्या येतात आणि नाताळच्या सुटीत खोली मिळणे कठीण होते. जानेवारीतील मंगळवार किंवा बुधवार पकडल्यास झुणका-भाकरीवालीला गप्पा मारायला वेळ असतो. भाकरी चुलीवरची, सोबत ठेचा, कांदा व मडक्यातले दही. रात्रीच्या जेवणात तांबडा-पांढरा रस्सा. थंडीत पांढरा अधिक भावतो, हे मत वादग्रस्त आहे.

जुलै २०२५ मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूदृश्ये’ या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत आले, त्यांत पन्हाळा आहे. घरे व धंदे यांवर निर्बंध येतील, अशी धास्ती गडावरच्या रहिवाशांनी त्याआधी जाहीरपणे व्यक्त केली होती. कोल्हापूर हे जवळचे रेल्वेस्थानक, तेथून एस.टी. व खासगी वाहने वाघबीळमार्गे गडावर जातात.