कॉलेजातले मैदान किती वर्षे पुरते?

तरुणपणी कमावलेले शरीर जन्मभर पुरते, असे आपण वर्गात सहज सांगून जातो. राल्फ पॅफेनबार्गर या अमेरिकी साथरोगतज्ज्ञाला हे तपासून पाहता आले ते जुन्या दप्तरांमुळे. १९१६ ते १९५० या काळात हार्वर्ड विद्यापीठात दाखल झालेल्या विद्यार्थ्यांच्या वैद्यकीय तपासणीच्या आणि खेळांच्या नोंदी शिल्लक होत्या. (आपल्या शाळांची जुनी रजिस्टरे कुठे जातात, कोण जाणे!) १९६२ आणि १९६६ साली या माजी विद्यार्थ्यांना टपालाने प्रश्नावली गेली: रोज जिने किती चढता, किती चालता, काय खेळता?

१६,९३६ पुरुषांचा हिशेब १९७८ साली प्रसिद्ध झाला. हालचालीत आठवड्याला २,००० किलोकॅलरींहून कमी खर्च करणाऱ्यांना हृदयविकाराच्या झटक्याचा धोका ६४ टक्क्यांनी जास्त आढळला. विद्यापीठाच्या संघातून खेळून पुढे बैठे झालेलेही त्यातून सुटले नाहीत. उलट, विद्यार्थिदशेत मैदानाकडे न फिरकलेले पण नंतर व्यायामाला लागलेले फायद्यात होते.

संघ, प्रशिक्षक, सामने ही ओढ पदवीबरोबरच संपते. आम्हाला खरी गोम इथेच दिसते. खुद्द पॅफेनबार्गर धावू लागले ते १९६७ साली, पंचेचाळिशीच्या सुमारास. पुढे त्यांनी १०० मैलांची शर्यतही पुरी केली.