‘मे’ आणि ‘शॅल’ : दोन छोट्या क्रियापदांचं राजकारण

जामच्या चौरस्त्यावरून एक रस्ता वरोऱ्यामार्गे चंद्रपूरला जातो आणि दुसरा हिंगणघाटमार्गे हैदराबादकडे. हा दुसरा रस्ता म्हणजे राष्ट्रीय महामार्ग ४४, जुन्या लोकांच्या तोंडी अजूनही सात नंबर. तो पुढे तमिळनाडूत कन्याकुमारीपर्यंत पोहोचतो. याच वर्धा जिल्ह्यातून विसाव्या शतकात हिंदीचा प्रचारही देशभर निघाला होता. त्या प्रचाराचा प्रश्न पुढे संसदेत गेला, तेव्हा एक मोठा वाद इंग्रजीतल्या एवढ्याशा शब्दावर पेटला. तो शब्द होता ‘मे’.

शाळेत आपण ही क्रियापदं घोकतो. कॅन म्हणजे शकतो, मस्ट म्हणजे पाहिजे, मे म्हणजे कदाचित. पण रोजच्या वाक्यात ती इतकी सरळ वागत नाहीत. ‘यू मे गो’ म्हटलं की ‘तुम्हाला जायची परवानगी आहे’. ‘इट मे रेन’ म्हटलं की ‘पाऊस येईल, कदाचित येणारही नाही’. शब्द तोच, पण एकदा परवानगी आणि एकदा शक्यता. ‘यू शुड गो’ हा सल्ला झाला, ‘यू मस्ट गो’ ही सक्ती. आणि ‘यू शॅल गो’? बोलण्यात हे वाक्य आता क्वचित ऐकू येतं. पण कायद्यात शॅल आला की बंधन आलं आणि मे आला की मुभा आली.

हा फरक आपल्याला नवा नाही. विदर्भातल्या अनेक मुस्लिम घरांत मूल अम्मीकडे ‘पानी चाहिए’ म्हणतं आणि बाजारात ‘पाणी पाहिजे’ म्हणतं. गंमत म्हणजे दोन्ही शब्दांची घडण एकच आहे. जुन्या कर्मणी रूपांचे ते अवशेष आहेत. ‘चाहिए’ म्हणजे मुळात ‘चाहिलं जातं’ आणि ‘पाहिजे’ म्हणजे ‘पाहिलं जातं’, वाट पाहिली जाते. मराठीतले मुभा, मर्जी, मनाई, सक्ती, परवानगी हे शब्द तर अरबी-फारसीतूनच आले. मुभा हा शब्द ‘मुबाह’वरून आला. जे करायला हरकत नाही पण करण्याची सक्तीही नाही, ते शरीयतच्या परिभाषेत मुबाह. इंग्रजीत त्याची जागा ‘मे’ घेतो, आणि फर्जची जागा ‘मस्ट’ किंवा ‘शॅल’.

आता वर्ध्याकडे वळू. १९३६ मध्ये इथे राष्ट्रभाषा प्रचार समिती स्थापन झाली. १९४२ मध्ये गांधीजींनी वर्ध्यातच हिंदुस्तानी प्रचार सभा सुरू केली. नागरी आणि उर्दू या दोन्ही लिप्या शिकाव्यात, असा त्यांचा आग्रह होता. याच मुद्द्यावरून १९४५ मध्ये ते हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. मात्र १४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने देवनागरी लिपीतली हिंदी स्वीकारली. दोन लिप्यांची हिंदुस्तानी मागे पडली.

संविधानाचं कलम ३४३ क्रियापदांकडे लक्ष देऊन वाचावं. संघाची राजभाषा हिंदी असेल, इथे शॅल आहे. पंधरा वर्षं इंग्रजी चालू राहील, इथेही शॅल. पण पंधरा वर्षांनंतर इंग्रजी चालू ठेवण्यासाठी संसद कायदा करू शकेल, इथे मात्र मे. म्हणजे २६ जानेवारी १९६५ पर्यंत इंग्रजीला हमी आणि त्यानंतर संसदेची मर्जी.

ही मुदत जवळ आली तेव्हा १९६३ मध्ये गृहमंत्री लालबहादूर शास्त्रींनी राजभाषा विधेयक आणलं. हिंदीबरोबर इंग्रजीही चालू राहू शकेल, असा त्याचा आशय होता आणि क्रियापद होतं ‘मे’. अण्णादुराईंसह बिगरहिंदी भागातल्या सदस्यांनी हरकत घेतली. मेमध्ये ‘नाही’सुद्धा दडलेलं आहे, म्हणून शॅल घाला, ही त्यांची मागणी होती. पंतप्रधान नेहरूंनी इथे दोन्हींचा अर्थ एकच असल्याचं समजावलं. मग शॅलच लिहायला अडचण काय, हा विरोधकांचा प्रश्न. शब्द बदलला नाही.

नेहरू १९६४ मध्ये गेले. त्यांच्या शब्दावर विसंबून असलेल्यांकडे आता कायद्यातलं फक्त ‘मे’ उरलं. जानेवारी १९६५ मध्ये मद्रास राज्य पेटलं. आत्मदहनं झाली, गोळीबार झाला, माणसं मेली. सी. सुब्रह्मण्यम आणि ओ. व्ही. अळगेशन या केंद्रातल्या दोन मंत्र्यांनी राजीनामे दिले. शेवटी १९६७ च्या डिसेंबरात संसदेने दुरुस्ती मंजूर केली. मूळ ‘मे’ जागेवरच राहिला, पण त्याच्याभोवती शॅलची तटबंदी उभी झाली. हिंदी न स्वीकारलेल्या राज्यांशी केंद्राचा पत्रव्यवहार इंग्रजीतच होईल, आणि अशा सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी ठराव केल्याशिवाय ही व्यवस्था संपणार नाही, असं लिहिलं गेलं. तोंडी आश्वासनाचं कलम झालं.

मराठीत हा फरक पकडणं अवघड जातं, कारण आपल्या कायद्याच्या भाषेत शॅलसाठी साधा भविष्यकाळ वापरतात. ‘राजभाषा हिंदी असेल’ हे बंधन आहे, पण ‘तो घरी असेल’ हा नुसता अंदाज. एकच ‘असेल’ हुकूमही देतो आणि शंकाही घेतो. त्यामुळे कलम वाचताना इंग्रजी मूळ पाहिलेलं बरं. उदाहरणार्थ १९५६ मध्ये आलेलं कलम ३५० अ. भाषिक अल्पसंख्य मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळावं, यासाठी ते आहे. महाराष्ट्रातल्या उर्दू माध्यमाच्या मुलांचा संबंध थेट त्याच्याशी येतो. तिथे शॅल आहे, पण तो सोय करण्याला नव्हे, सोय करण्याच्या ‘प्रयत्नाला’ जोडलेला आहे. बंधन आहे, पण प्रयत्नाचं. हे कळलं की आपण काय मागू शकतो आणि कशासाठी अजून झगडावं लागेल, हेही कळतं.

‘शॅल’चा जुन्या इंग्रजीतला अर्थ होता ‘देणं लागणं’. आपल्याकडेही तेच आहे. ‘मी तुझे शंभर रुपये देणे लागतो’ आणि ‘मला जावं लागतं’, दोन्हीकडे लागणं एकच. देणं ठरलं की ते वसूल करता येतं, मर्जीची मात्र वाट पाहावी लागते. म्हणून सरकारी योजनेचा जीआर असो, शाळेचं पत्र असो की वक्फचा नवा नियम, हाती आला की आधी त्यातलं छोटं क्रियापद शोधा. तिथे आपलं देणं लिहिलंय की कुणाची मर्जी, ते तेवढ्यावरून समजतं.