घोटा मुरगळणे
घोटा मुरगळणे : पाऊल अकस्मात आतल्या बाजूस वळून घोट्याचे बाहेरील अस्थिबंध ताणले अथवा फाटले जाणे. परभणी जिल्ह्यातील झरीसारख्या काळ्या मातीच्या शिवारात, उन्हाने जमिनीस पडलेल्या भेगेत पाय अडकून ही दुखापत सहज संभवते. प्रथमतः २-३ दिवस विश्रांती, फडक्यात गुंडाळलेला बर्फ, दाबपट्टी आणि उशीवर उंच ठेवलेला पाय, हे उपचार हितावह असून चोळणे मात्र वर्ज्य होय. ४ पावलेही टाकवत नसल्यास, वा घोट्याचे हाड दाबताच कळ येत असल्यास, क्ष-किरण तपासणी अगत्याची ठरते. सौम्य दुखापत काही आठवड्यांत बरी होते. अस्थिबंध पूर्ण तुटल्यास काही महिने लागतात. सूज ओसरल्यावर एका पायावर तोल सांभाळण्याचा सराव न केल्यास घोटा पुनःपुन्हा मुरगळण्याचा संभव वाढतो.