रेती कोणाची, वावर कोणाचं?

आर्वी तालुक्यात चार माणसं बसली की बोलणं दोन गोष्टींवर येतं. एक रेती, दुसरं वावर. वर्धा नदीचं पात्र उपसून राहिले, काठच्या विहिरी खाली गेल्या, टिप्परनं पांदणीचा चिखल केला, म्हणून कास्तकार बोंबलतो. रेती बंद केली तर बांधकाम बंद, हाताला काम नाही, म्हणून ट्रॅक्टरवाला बोंबलतो. पेपरात दोघांचंही छापून येतं. तिसरा माणूस छापून येत नाही. फावडं घेऊन पात्रात उतरणारा, आणि त्याच कास्तकाराच्या वावरात निंदणाला जाणारी त्याची बायको. यात आपल्या वस्तीतली माणसं किती, ते प्रत्येकानं आपापल्या गावात मोजून पाहावं.

आपले पोट्टे विचारतात, या भांडणात आपण कोणाकडून? मी सूतगिरणीत पाळी करणारा माणूस. इतिहास कॉलेजात शिकलो नाही. कायद्याची पुस्तकं, जुने कागद जिथं सापडले तिथं वाचले. त्या वाचनातून हाती लागलं ते तुमच्यापुढं ठेवतो. बाजू घेण्याआधी एवढं तर पाहू, की ही जमीन आणि ही नदी मालकाची झाली कधी आणि कशी.

नागपूरकर भोसल्यांचा राजा १८५३ साली वारला आणि इंग्रजांनी राज्य खालसा केलं. १८६१ ला मध्य प्रांत झाला. १८६२ ला वर्धा जिल्हा नागपुरातून वेगळा काढला. आर्वी त्यातली तहसील. मग बंदोबस्त झाला. नदीपलीकडच्या वऱ्हाडात रयतवारी आली, तिथं सरकार आणि कास्तकार यांच्यामध्ये कोणी नव्हता. नदीच्या अलीकडं मालगुजारी आली. काल-परवापर्यंत जो गावाचा सारा गोळा करून देत होता, त्या पाटलाला इंग्रजानं गावाचा मालक करून टाकलं. वावर त्याचं, पडीत त्याचं, झाडझुडूप त्याचं. ज्या गावठाणावर आपलं खोपट उभं, तेही त्याच्याच मालकीत. एकाच नदीचे दोन काठ आणि दोन कायदे. पण आपल्या माणसाची गत दोन्ही काठांवर एकच. नावावर जमीन नाही.

आणि जमिनीची खरी ओळख कोणाला होती? कोतवाल महार. गावाची शीव त्याच्या पायाखालची. दोन गावांत शिवेचा वाद पडला की साक्षीला त्याला उभं करत. कोणता दगड कुठं पुरला, नाला कोणत्या साली कुठून वळला, धुरा कोणी रेटला, हे सगळं त्याच्या डोक्यात. म्हणजे गावाचा नकाशा आपल्या आज्याच्या डोक्यात आणि गावाचा कागद मालगुजाराच्या पेटीत. आपल्याकडचे पुष्कळ महार विणकर होते, जाडंभरडं कापड विणत. गिरण्या आल्या, हातमाग बसले. नागपूरची एम्प्रेस मिल १८७७ ला सुरू झाली. १९१७ ला पुलगाव-आर्वी नॅरोगेज रेल्वे आली ती इथला कापूस बाहेर न्यायला. वावर दुसऱ्याचं, कापूस दुसऱ्याचा, माग मोडलेला. मग विणकराचा पोरगा गिरणीत गेला, नाहीतर सालदार झाला.

आता या मालगुजारीच्या पोटातली एक गोष्ट नीट ऐका. तिचं नाव निस्तार. गावात राहणाऱ्या माणसाला जगायला जे लागतं ते. ढोराला चारा, चुलीला काडी, भिंतीला माती, घराला मुरूम, रेती, दगड. मालगुजार मालक असला तरी गावाच्या या वहिवाटी बंदोबस्ताच्या वेळी कागदावर उतरवल्या जात. त्या कागदाला म्हणत वाजिब-उल-अर्ज. कागदावर वहिवाट होती, आणि वहिवाटीवर जात बसलेली होती. नदीवर आपला घाट खालच्या अंगाला. पडितातली काडी आणायची तर आधी वेठ करायची. हक्क म्हणून लिहिलेली गोष्ट आपल्याला उपकार म्हणून मिळाली.

मग स्वराज्य आलं. मध्य प्रदेशात मालकी हक्क नष्ट करणारा कायदा १९५० ला झाला आणि ३१ मार्च १९५१ ला मालगुजारी गेली. आपला भाग तेव्हा मध्य प्रदेशात होता. पडीत, जंगल, नदी-नाले सरकारचे झाले. पण मालगुजाराची घरची वहितीची वावरं मालगुजाराकडंच राहिली. मालगुजार गेला आणि मोठा कास्तकार उरला. यानंतर अठराच दिवसांनी, १८ एप्रिल १९५१ ला, आपल्याच जिल्ह्यातल्या पवनारचे विनोबा तेलंगणात पोचमपल्लीला होते. तिथल्या दलितांनी ८० एकर जमीन मागितली. रामचंद्र रेड्डींनी १०० एकर दिली. भूदान सुरू झालं. हे सगळे सांगतात. मी त्यातला एक शब्द तुमच्यापुढं ठेवतो. दान. देणारा राजी असेल तर मिळेल. बाबासाहेबांनी चार वर्षं आधी, १९४७ ला, 'स्टेट्स अँड मायनॉरिटीज'मध्ये दानाचं नाव घेतलं नव्हतं. शेती हा सरकारी उद्योग व्हावा, जमीन सरकारची असावी, गावातल्या लोकांना ती जातपात न पाहता कसायला द्यावी, म्हणजे जमीनदार राहणार नाही, कूळ राहणार नाही आणि भूमिहीन मजूरही राहणार नाही, असं त्यांनी घटनेत घालायला मागितलं होतं. ते घटनेत आलं नाही. ते का आलं नाही याचा विचार न करता आज 'शेती वाचवा' म्हणणं म्हणजे १९५१ ची वाटणी वाचवा म्हणणं.

हे मी कास्तकाराच्या द्वेषानं म्हणत नाही. कोरडवाहू पाच एकरवाला कापसाच्या भावापायी कसा मरून राहिला, ते विदर्भात आंधळ्यालाही दिसते. पण वावर वाचलं पाहिजे हे म्हणताना वावरात कोण राबतो हेही म्हटलं पाहिजे. निम्न वर्धा धरण आपल्याच तालुक्यात, धनोडीला. समृद्धी महामार्ग आपल्याच जिल्ह्यातून गेला, त्याचा नागपूर-शिर्डी टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला. मोबदल्याचा हिशेब सातबाऱ्यावरच्या नावापासून सुरू होतो. त्या वावरात आयुष्य काढलेल्या सालदाराला मात्र मीही बाधित आहो हे आधी सिद्ध करावं लागतं. २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं तीन वर्षं त्या जमिनीवर पोट असलेल्या शेतमजुराचं कुटुंब बाधित धरलं आहे. हे आपल्यातल्या किती जणांना ठाऊक आहे?

जमिनीसाठी आपण लढलो नाही असंही नाही. दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. मग ६ डिसेंबर १९६४ ला देशभर सत्याग्रह सुरू झाला आणि लाखो माणसं तुरुंगात गेली. गायरान कसणाऱ्याला पट्टा द्या, ही त्यातली मागणी. पुढं २८ नोव्हेंबर १९९१ ला महाराष्ट्र सरकारनं ठराव काढला. १ एप्रिल १९७८ ते १४ एप्रिल १९९० या काळात गायरानावर शेती करत असलेल्या अनुसूचित जाती-जमातीच्या आणि इतर भूमिहीनांचं अतिक्रमण नियमित करण्याचा. कित्येकांना पट्टे मिळाले, कित्येकांचे अर्ज पटवाऱ्याच्या कपाटात वाळवीनं खाल्ले. २८ जानेवारी २०११ ला जगपालसिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणालं, गावाच्या सामायिक जमिनीवरची अतिक्रमणं काढा. लगेच गावोगावी आपल्याला सांगायला सुरुवात झाली, कोर्टाचा हुकूम आहे, उठा. पण त्याच निकालात लिहिलं आहे की सरकारी अधिसूचनेनं भूमिहीन मजुरांना किंवा अनुसूचित जाती-जमातीच्या लोकांना पट्टा दिलेला असेल तर तो अपवाद धरता येतो. निकालाचं हे वाक्य आपल्याला कोणी वाचून दाखवत नाही. आपणच वाचलं पाहिजे.

आता रेतीवर येतो. जग दरसाल पन्नास अब्ज टन रेती-खडी वापरते असं संयुक्त राष्ट्रांचा पर्यावरण विभाग सांगतो. वाळवंटातली रेती गोल, गुळगुळीत. ती सिमेंटात धरत नाही. म्हणून नदीवर धाड. रेती म्हणजे नदीची पाण्याची टाकी. ती पावसाळ्याचं पाणी धरून ठेवते आणि उन्हाळ्यात काठच्या विहिरींना हळूहळू देते. पोकलॅन लावून पात्र खोल केलं की पाणी विहिरीतून उलटं नदीकडं जाते. कास्तकाराची विहीर आटते तेव्हा आपल्या वस्तीचा हातपंपही आटतो. त्याच्याजवळ नवीन बोअर मारायला पैसा आहे, आपल्याजवळ नाही. २७ फेब्रुवारी २०१२ ला दीपककुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की पाच हेक्टरपेक्षा लहान खाणीलाही पर्यावरणाची परवानगी पाहिजे. सरकारनं २०२३ ला डेपो काढून ६०० रुपये ब्रासनं रेती देतो म्हटलं, २०२५ ला डेपो बंद करून पुन्हा लिलाव आणला. धोरणं बदलत राहिली. रात्री पकडला जातो तो मात्र ट्रॅक्टरवरचा पोट्टा. घाट घेणारा घरी झोपलेला असतो.

आणि याच वेळी रमाई आवास योजनेत आपल्या माणसाला घरकुल मंजूर होते. पाच ब्रासपर्यंत रेती फुकट, असं सरकार म्हणते. नदी घरापासून हाकेच्या अंतरावर. पण रेती घ्यायची ती ट्रॅक्टरवाल्याच्या भावानं.

इथं मला निस्तार आठवतो. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ ची. तिच्यात विदर्भापुरती एक वेगळी गोष्ट आहे. कलम १६१ सांगते की गावातल्या बिनवहितीच्या सगळ्या जमिनीच्या व्यवस्थेचं निस्तारपत्रक जिल्हाधिकाऱ्यानं करावं, त्याचा मसुदा गावात प्रसिद्ध करावा आणि रहिवाशांची इच्छा विचारून ते कायम करावं. कलम १६२ सांगते त्यात काय काय यावं. चराई. लाकूड, सरपण. मुरूम, कंकर, रेती, माती, दगड. आणि हे कोणाला? कोणत्याही रहिवाशाला. सातबारावाल्याला नाही, करदात्याला नाही, जातवाल्याला नाही. गावात जो राहतो त्याला. मालगुजाराच्या काळात वहिवाट म्हणून जे लिहिलं जात होतं, ते आता कायद्याच्या कलमात आहे, आणि त्यात आपल्याला बाहेर ठेवणारा एकही शब्द नाही.

महाडची आठवण करा. बोले ठराव १९२३ चा. चवदार तळं सगळ्यांना खुलं आहे, हे नगरपालिकेच्या कागदावर १९२४ लाच होतं. पाणी मात्र २० मार्च १९२७ ला बाबासाहेब ओंजळ भरायला गेले तेव्हा प्यालं गेलं. मधली वर्षं हक्क कागदात पडून होता. आपल्या गावचं निस्तारपत्रक तसंच तहसिलात पडून आहे.

म्हणून या भांडणात मी ठेकेदाराकडूनही नाही, आणि मुकाट्यानं मोठ्या कास्तकाराच्या मागंही नाही. निस्तार गरजेपुरता आहे, विकायला नाही. म्हणजे पोकलॅन त्यात बसत नाही आणि घरकुलवाला बसतो. नदी वाचवायला सगळ्यात पक्का कागद भूमिहीनाच्याच हातात आहे.

करायचं ते सांगतो. आपल्या गावचं निस्तारपत्रक माहितीच्या अधिकारात मागा. मिळालं की विहारात मोठ्यानं वाचा, बायांना आधी ऐकवा, काहून की सरपण आणि पाणी त्याच आणतात. गायरान कसणाऱ्यांच्या दंडाच्या पावत्या, पंचनामे जमा करा. त्या दंडाच्या म्हणून फेकू नका, कब्जाचा पुरावा त्याच आहेत. जमीन झुडपी जंगल म्हणून लिहिली आहे का पाहा. २२ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयानं झुडपी जंगल हे वनच ठरवलं आणि १२ डिसेंबर १९९६ च्या आधीचं वाटप वेगळं धरलं. त्यामुळं कागदावरची तारीख जीवासारखी जपा. ग्रामसभेत रेतीचा विषय निघाला तर एकच ठराव मांडा. आधी घरकुलाची रेती, ती फावड्यानं आणि ठरल्या खोलीपर्यंत, भरण्याची मजुरी गावच्या मजुरांना, मशीन पात्रात नाही. कास्तकार सोबत आला तर त्याचं स्वागत. त्याला एवढंच विचारा, नदीसाठी तू आमच्या बाजूला बसतोस, उद्या आमच्या गायरानाच्या पट्ट्यासाठी बसशील काय?

तो काय म्हणते ते ऐका आणि ठरावाच्या वहीत लिहून घ्या. आपल्या आज्याजवळ सगळा नकाशा डोक्यात होता, कागद नव्हता. आपल्याला आता वाचता येते.

जयभीम.